पगार सातला, हप्ता पाचला

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी. पुण्याजवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या या गावांमधल्या भाड्याच्या खोल्यांत महिन्याचा पहिला आठवडा सरता सरत नाही. कारण साधं आहे. वेतन देण्याची मुदत २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९३६ च्या कायद्यानं घालून दिली होती: हजाराहून कमी कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत, जास्त असतील तर दहापर्यंत. ही मुदत शेवटच्या दिवसापर्यंत वापरणारे कंत्राटदार थोडे नाहीत. कर्जाचे हप्ते मात्र दोन, तीन किंवा पाच तारखेलाच खात्यातून आपोआप कापायला येतात. खात्यात पैसे नसतात. हप्ता ‘बाउन्स’ होतो. बँक एक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी दुसरा. सातला पगार जमा होतो तेव्हा त्यातले सात-आठशे रुपये आधीच खर्ची पडलेले असतात. या माणसानं उधळपट्टी केलेली नाही, हप्ता बुडवायचं त्याच्या मनातही नाही. दोन तारखा जुळत नाहीत, एवढंच.

आणि मग फोन सुरू होतात. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नियम चांगला आहे, पण तो लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिवसा राबून रात्री झोपणारा माणूस असावा. थर्ड शिफ्ट उरकून सकाळी खोलीवर आलेल्या माणसाची झोप नेमकी या परवानगीच्या वेळातच येते. फर्स्ट शिफ्टवाल्याची तऱ्हा वेगळी. अनेक कारखान्यांत मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्याचा फोन लागला नाही की कर्ज घेताना दिलेल्या दुसऱ्या नंबरावर फोन जातो. तो नंबर पुष्कळदा बायकोचा असतो, आणि त्या कर्जाची बातमी तिला तिथेच पहिल्यांदा कळते.

अशा घरातला माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. तो ॲसिडिटीची गोळी मागतो, बीपी तपासून घेतो, झोप लागत नाही म्हणतो. बाई पाठ दुखते म्हणते, डोकं चढतं म्हणते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याची नोंद झाली. त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नसल्याचंही त्याच अहवालात आहे. पोटदुखी आणि बीपीच्या केसपेपरांमध्ये किती हप्ते दडलेले आहेत, हा रकाना मात्र कुठल्याच सर्वेक्षणात नसतो.

या दुखण्यावर अलीकडे एक उपाय पुढे येतो आहे: आर्थिक समुपदेशन, किंवा बाहेरच्या देशांत म्हणतात तसं ‘कोचिंग’. म्हणजे पैशावरचं व्याख्यान नव्हे, विमा विकणंही नव्हे. एक माणूस तुमच्यासमोर काही महिने अधूनमधून बसतो, तुमचेच आकडे तुमच्यासोबत मांडतो, पुढची एखाद-दुसरी गोष्ट ठरवतो आणि पुढच्या वेळी ती झाली का हे विचारतो. यानं अशा घरातल्या आईवडिलांचं मन हलकं होतं का? माझं उत्तर ‘होतं’ असंच आहे. पण त्याचं जे कारण साधारणपणे सांगितलं जातं, ते मला पटत नाही. लोकांना हिशेब येत नाही, तो शिकवला की प्रश्न सुटेल, असं ते कारण. या पट्ट्याकडे नीट पाहिलं तर दिसतं ते उलटंच.

* * *

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्या दशकात टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांच्या मागोमाग शेकडो लहानमोठे कारखाने इथे आले. त्या काळच्या कायम कामगाराचं पैशाचं जग कारखान्याच्या फाटकाआत होतं. पतपेढी आत, भविष्य निर्वाह निधी आत, हप्ता पगारातूनच कापलेला. कर्ज मागायचं तर दोन जामीनदार लागत, आणि ते शेजारच्याच मशीनवरचे असत. त्यामुळे कुणी किती कर्ज काढलंय हे खात्यातल्या चार जणांना ठाऊक असे. त्यात जाच होता, पण माणूस एकटा पडत नसे.

बजाजची ‘चेतक’ १९७२ मध्ये आली. तिच्यासाठी लोक आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षं थांबत. कधी कधी ती प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत जाई. आधी पैसे, मग स्कूटर. बजाज ऑटोनं आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबवलं. स्कूटर आणि रिक्षांना कर्ज देण्यासाठी १९८७ मध्ये सुरू झालेली त्याच घराण्याची वित्त कंपनी आज देशातल्या सर्वांत मोठ्या ग्राहक-कर्ज कंपन्यांपैकी एक आहे, आणि तिचं नोंदणीकृत कार्यालयही आकुर्डीचंच. यात कुणाचा दोष काढायचा नाही. पण जिथे स्कूटर बनत होत्या त्या गावाच्या पत्त्यावरून आता हप्ते निघतात, ही इथल्या अर्थकारणाची थोडक्यात गोष्ट आहे. आता वस्तू आधी येते, पैसे मागाहून.

याच काळात कामगारही बदलला. चाकणमध्ये बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, महिंद्रा आली, आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांचं जाळं तळेगावपासून शिक्रापूरच्या रस्त्यापर्यंत पसरलं. यांतल्या मोठ्या हिश्श्याचं काम ट्रेनी आणि कंत्राटी कामगार करतात. लातूर, बीड, बुलढाणा, जळगाव, नांदेडहून आलेली ही मुलं. काही महिने काम, मग ‘ब्रेक’, मग दुसरा कंत्राटदार. त्यांच्या वाट्याला फाटकाआतली पतपेढी येत नाही, कारण ती कायम कामगारांची. जामीनदार नाहीत, कारण शेजारच्या मशीनवरचा माणूस चार महिन्यांनी कुठे असेल सांगता येत नाही. त्यांच्यासाठी आहे ते मोबाइलवरचं ॲप. जामीन नको, कागद नकोत, पाच मिनिटांत पैसे खात्यात, कुणाला कळायचंही नाही. सगळ्यात महाग पडतं ते हे ‘कुणाला कळायचं नाही’.

* * *

हिशेबापुरतं एक घर धरू. खरं कुणाचं नाही, पण आकडे या भागात सहज भेटतील असे घेतले आहेत.

नवरा एका व्हेंडर कंपनीत कंत्राटी, ओव्हरटाइम (ओटी) सोडून हातात १९,००० रुपये. बायको पॅकिंगच्या कामाला जाते, ८,००० मिळतात. दोन मुलं. जमा २७,०००. खोलीभाडं आणि लाइट ७,०००. किराणा, दूध, गॅस ८,५००. शाळेची फी आणि व्हॅन ३,५००. गावी आईवडिलांना ३,०००. इथवर २२,००० झाले, उरले ५,०००. आता हप्ते: दुचाकी २,९००, मोबाइल १,४५०, फ्रिज १,३००, बायकोच्या नावावरच्या गटाच्या कर्जाचा २,२००, ॲपचा १,८००. बेरीज ९,६५०. म्हणजे दर महिन्याला ४,६५० ची तूट. ज्या महिन्यात ओटी भरपूर मिळतो त्या महिन्यात ती भरून निघते. नाही मिळाला की नवं ॲप.

या घरात अडाणी कोण आहे? फ्रिज, मोबाइल, मुलांची शाळा यातलं काय चैनीचं? दुचाकी नसेल तर दोन बस बदलून, तळेगाव-चाकण रस्त्याच्या कोंडीतून फर्स्ट शिफ्ट गाठता येत नाही. एकेक निर्णय वेगळा काढून पाहिला तर शहाणपणाचाच आहे. सगळे एकत्र झाल्यावर मात्र घर बुडायला लागतं, आणि ते एकत्र कुणीच पाहत नाही. नवऱ्याला बायकोच्या गटाचा नेमका हप्ता माहीत नसतो, बायकोला ॲपची खबर नसते. फ्रिजच्या दुकानदाराला दुचाकीशी देणंघेणं नसतं.

सिंगापूरमध्ये झालेला एक अभ्यास इथे आठवतो. तिथल्या एका सेवाभावी संस्थेनं गरीब कुटुंबांची थकलेली कर्जं फेडून टाकली, आणि संशोधकांनी त्यांच्या मनावर आणि विचारशक्तीवर आधी-नंतर काय परिणाम झाला ते मोजलं. २०१९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. चिंता कमी झाली, निर्णय सुधारले, हे अपेक्षितच. अनपेक्षित होतं ते असं, की फरक पडला तो किती रकमेचं कर्ज फिटलं यापेक्षा किती खाती बंद झाली यानं. मनाला बोजा रुपयांचा कमी आणि तोंडांचा जास्त होतो. पाच तारखा, पाच ॲप, पाच प्रकारचे मेसेज हे सगळं डोक्यात सतत चालू ठेवावं लागतं.

आता हे आमच्या घराला लावून बघा. दिवाळी तोंडावर आहे. १९६५ च्या बोनस कायद्यानं ठरवलेला किमान दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा. मूळ वेतनावर धरला तर या माणसाला समजा १२,५०० रुपये मिळाले. ॲपचे तीन हप्ते राहिलेत, ५,४००. मोबाइलचे चार, ५,८००. दोन्ही आत्ताच मिटवले तर ११,२०० गेले, आणि महिन्याची तूट ४,६५० वरून १,४०० वर आली. दोन तोंडं बंद. फ्रिज-दुचाकीच्या हप्त्याची तारीख पाचवरून दहा करून मागितली, तर पुष्कळ कंपन्या करून देतात. म्हणजे दंडही थांबला. उरलेल्या १,४०० साठी दर महिन्याला भरमसाट ओटी करायला नको, दोन-तीन रविवार पुरतात.

एवढं सांगायला कोच कशाला हवा, असं कुणी म्हणेल. कागदावर नकोच. पण बोनसचे १२,५०० हातात येतात त्या आठवड्यात मोबाइलच्या दुकानांवर ऑफरचे बोर्ड लागलेले असतात, मुलं कपड्यांची वाट पाहत असतात, आणि गावी सगळ्यांना माहीत असतं की पोरगा ‘पुण्याला कंपनीत’ आहे. लक्ष्मीपूजनाला रिकाम्या हातानं गावाकडच्या एसटीतून उतरायचं, हे फक्त आकड्यांचं काम नाही. हिशेबातून उरलेल्या १,३०० रुपयांत दोन मुलांचे कपडे बसवायचे, आणि या वर्षी आईला साडी नाही हे आईला कुणी सांगायचं, इथे खरी बैठक सुरू होते. ‘खर्च कमी करा’ एवढंच सांगणारा समुपदेशक या जागी हरतो. दिवाळीच करू नका म्हणणाऱ्याकडे माणूस पुन्हा येत नाही, आणि मी म्हणेन, येऊही नये.

* * *

लोकांना हिशेब कळत नाही या समजाचा आणखी थोडा समाचार घ्यायला हवा, कारण आर्थिक साक्षरतेच्या सरकारी योजना त्यावरच उभ्या आहेत.

२०१३ च्या जूनमध्ये बजाजच्या चाकण कारखान्यातले कामगार विश्व कल्याण कामगार संघटनेच्या झेंड्याखाली संपावर गेले. त्यांची एक मागणी ऐकून उद्योगजगत चक्रावलं होतं: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर, एक रुपया दरानं. तेव्हा बाजारात त्या शेअरचा भाव १,८०० रुपयांच्या आसपास होता. मागणी मान्य झाली नाही, सुमारे पन्नास दिवसांनी संप मिटला. मागणी योग्य होती की अवाजवी, हा वेगळा वाद. पण भांडवलवाढीचा वाटा पगारात नव्हे तर शेअरमध्ये असतो, हे या लोकांना वर्गात जाऊन शिकावं लागलं नव्हतं.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. माणदेशातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावरचे अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की व्याजाचा हिशेब तुम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करा, आम्हीही करतो, बघू कोण आधी करतं. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा हा प्रसंग अनेक व्यासपीठांवर सांगत आल्या आहेत. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

म्हणून अहमदाबादमधला एक मोठा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे तेराशेहून अधिक सामान्य उत्पन्नाच्या लोकांना घेऊन आर्थिक शिक्षणाची परीक्षा झाली. काहींना नुसते व्हिडिओ धडे दिले. काहींना धड्यांच्या जोडीला स्वतःचं उद्दिष्ट ठरवून दिलं, काहींना वैयक्तिक समुपदेशन दिलं. नुसत्या धड्यांनी वागणुकीत फारसं काही हललं नाही. ठरवलेलं उद्दिष्ट किंवा समोर बसलेलं माणूस सोबत आलं तेव्हा हललं. माहिती तीच होती, फरक सोबतीचा होता.

आपल्याकडे अशी सोबत देण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. बँक ऑफ इंडियानं २००६ मध्ये मुंबईत ‘अभय’ नावाचं कर्ज-समुपदेशन केंद्र काढलं. नाव किती नेमकं होतं. पुढे रिझर्व्ह बँकेनं अशा केंद्रांची योजना आखली, त्यांची आर्थिक साक्षरता केंद्रं झाली. वाटेत समुपदेशन मागे पडलं आणि साक्षरता उरली. शिबिर, फलक, हजेरीपत्रक, गटाचा फोटो. मोजायला ते सोपं. नवरा-बायकोमधली एक बैठक नीट पार पडली, हे कुठल्या तक्त्यात भरणार?

रिकामी जागा बाजारानं भरली. देशभरात सेबीकडे नोंदलेले गुंतवणूक सल्लागार हजाराच्या आसपास आहेत. एकट्या एलआयसीचे एजंट तेरा-चौदा लाख. म्हणजे पैशाबद्दल तुमच्याशी बोलायला जो कोणी येईल तो काहीतरी विकायलाच येईल, अशी ही रचना आहे. त्यात आता हॉटेलच्या हॉलमधले ‘फायनान्शियल फ्रीडम’चे सेमिनार, टेलिग्रामवरचे टिप देणारे, ऑप्शन ट्रेडिंगचे वर्ग. सेबीनंच २०२४ मध्ये जाहीर केलं की आधीच्या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. पण ९३ जणांची बातमी होत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला ऑनलाइन फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी लागले, त्याची झाली. पुढे त्यांना निलंबित केलं गेलं, पण लक्षात राहतात ते दीड कोटी.

ज्यांनी पैसे सावधपणे बँकेत ठेवले त्यांनाही इथे धक्के बसले आहेत. रुपी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परवाना गेला. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा. ठेव विम्याची मर्यादा २०२० मध्ये पाच लाख झाली होती म्हणून बहुतेकांचे पैसे वाचले. पण ज्या काकांनी मुलीच्या लग्नासाठीच्या पावत्या घेऊन बँकेच्या रांगेत दिवस काढले, त्यांना उद्या कुणी ‘मी तुमचा आर्थिक कोच’ म्हणालं तर ते आधी दार लावतील.

* * *

आईवडिलांच्या मनाचं पुढे मुलांपर्यंत काय पोचतं, याचा सर्वांत चिवट अभ्यास अमेरिकेतल्या आयोवा राज्यात झाला. १९८० च्या दशकात तिथले शेतकरी कर्जात बुडाले. १९८९ पासून रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी ४५१ कुटुंबांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. त्यांना दिसलेली साखळी अशी: पैशाची ओढाताण, त्यातून आईवडिलांची खिन्नता, त्यातून आपसांतली भांडणं, आणि मग मुलांशी कठोर किंवा तुटक वागणं. पैशाची टंचाई मुलाला थेट कमी आणि आईबापाच्या स्वभावातून जास्त लागते. सहलीचे साडेचारशे रुपये मागणाऱ्या पोराला नकार मिळाला तर ते विसरतं. साडेचारशेसाठी आईबाबा रात्री एकमेकांवर ओरडले, हे विसरत नाही.

या साखळीत समुपदेशन कुठे हात घालतं? माझ्या मते पहिल्या कडीत फार थोडा, तिसऱ्या कडीत सर्वांत जास्त. उत्पन्न वाढवणं त्याच्या हातात नाही. पण सगळी देणी एका कागदावर दोघांच्या समोर आली, की नवऱ्याला लपवण्याची मेहनत उरत नाही. आणि ती मेहनत फार मोठी असते: फोन सायलेंटवर ठेवणं, मेसेज पुसणं, हातात आलेला पगार कमी सांगणं. चिडचिडीचा बराच भाग त्या लपवाछपवीचा असतो, कर्जाचा नव्हे.

इथे एक धोका आहे, आणि उत्साही समुपदेशकांना तो दिसत नाही. बायकोचंही एक लपवलेलं खातं असतं: डब्यात, भिशीत, माहेरच्या बहिणीकडे. दोघांनी सगळं उघड करायचं या तत्त्वानं ते कागदावर आणलं, तर दारूच्या किंवा मारहाणीच्या घरात तिचा शेवटचा आधार जातो. नवऱ्याचं लपवलेलं कर्ज आणि बायकोची लपवलेली बचत ही एका मापानं मोजायची गोष्ट नाही. चांगला माणूस तिच्याशी आधी वेगळा बोलेल आणि जे ऐकलं त्यातलं काही पोटात ठेवेल.

लॉस एंजेलिसमध्ये एका बाल-आरोग्य दवाखान्यात हीच कल्पना वेगळ्या दारानं आत आली. बाळाला तपासणीला आणि लसीला आणणाऱ्या गरीब आईवडिलांना त्याच भेटीत पैशाचा कोच दिला. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्यांना कोच मिळाला त्यांच्या बाळाच्या ठरलेल्या भेटी चुकण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरलं. तिथे लसीचं महत्त्व कुणी नव्यानं शिकवलं नव्हतं. हप्त्यांनी भरलेल्या डोक्यात लसीच्या तारखेला जागा झाली, असंच मी त्याचं वाचन करतो. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अंगणवाडीच्या लसीकरणाच्या दिवशी असं टेबल मांडायला कुठल्या नव्या इमारतीची गरज नाही.

कायम कामगारांचं घरही या चर्चेतून वगळू नये. मोशी, चिखली, रावेतमध्ये वन-बीएचके घेतलेला माणूस कागदोपत्री सुखवस्तू. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. ३० लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज सात टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २३,२५९ रुपये. व्याज नऊ टक्के झालं आणि हप्ता तोच ठेवला, तर तेच कर्ज फिटायला अडतीस वर्षं लागतात. अनेकांच्या बाबतीत बँकेनं हप्ता न वाढवता मुदत वाढवली, आणि त्यांना ते उशिरा उमगलं. मुलगी पाचवीत आणि कर्ज निवृत्तीच्या पलीकडे, हे कळलेली रात्र कशी गेली असेल याची कल्पना करता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं फर्मावलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारलंच पाहिजे. पुढे २०२५ मध्ये दर उतरले. दर उतरल्यावर मुदत कमी करून मागायची असते, आणि ती मागितल्याशिवाय होईलच असं नाही, एवढं सांगणारा माणूसही या घराला पुरतो.

* * *

आता मर्यादा. आमच्या हिशेबातल्या घराची तूट १,४०० वर आली, त्याच महिन्यात कंत्राटाचा ब्रेक पडला तर सगळा कागद फाडून टाकावा लागतो. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला तेव्हा हजारावर कायम कामगारांची घरं एकदम अधांतरी झाली. त्यांना पाकीट-शिस्त शिकवायला जाणं म्हणजे जखमेवर मीठ. समुपदेशन पगाराचा, कायम नोकरीचा किंवा करारातल्या वाढीचा पर्याय म्हणून पुढे येऊ लागलं, तर कामगार संघटनांनी त्याच्याकडे संशयानंच पाहावं. ‘तुमचं नियोजन चुकलं’ हे वाक्य मालकाला फार स्वस्त पडतं.

पण म्हणून तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. कंपन्यांच्या सीएसआर खर्चात स्वतःच्या कर्मचाऱ्यांवरचा खर्च धरत नाहीत. कंत्राटी कामगार आमचा कर्मचारी नाही, असं कंपन्या कोर्टाकोर्टांत सांगत आल्या आहेत. बरं, नसेल तर मग त्याच्यासाठी सीएसआरमधून निःपक्ष समुपदेशन केंद्र काढायला अडचण कसली? १९६० च्या सहकार कायद्यात नाममात्र सभासदाची सोय आहे. कारखान्यांतल्या पतपेढ्यांनी कंत्राटी कामगारांचा त्या अंगानं निदान विचार तरी करावा.

आणि माणसं? ती आकुर्डी, निगडी, संत तुकारामनगरात आहेतच. कंपनीच्या पतपेढीचं मानद सचिवपद वर्षानुवर्षं सांभाळलेले, व्हीआरएस घेऊन बसलेले, कुणाचं कर्ज का थकलं हे चेहऱ्यावरून ओळखणारे काका. व्याज त्यांना तोंडी काढता येतं, तिन्ही शिफ्टचं अंगदुखणं त्यांना माहीत आहे, आणि लातूरच्या पोराशी त्यांचं बोलणं सूटबूटवाल्यापेक्षा लवकर जमेल. त्यांना दोन गोष्टी शिकवाव्या लागतील. ऐकताना मध्येच उपदेश करायचा नाही, ही पहिली. समोरचा जगण्याबद्दलच हताश बोलायला लागला तर हिशेबाची वही बाजूला ठेवून त्याला पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं, किंवा तिथल्या तिथे १४४१६ हा टेली-मानसचा विनामूल्य नंबर लावून द्यायचा, ही दुसरी. बाकीचं त्यांना येतं. फक्त त्यांच्या पिशवीत कुणाच्या विम्याची किंवा म्युच्युअल फंडाची एजन्सी नाही, एवढं आधी तपासून घ्यावं.